गाणारा गुराखी : जीन ऑट्री

नायकाने ऐन प्रसंगी गाणे म्हणावे याचे आपल्याला नवल वाटत नाही. संगीत नाटकांवर पोसलेला आपला प्रेक्षक तर त्यासाठीच तिकीट काढी. अमेरिकेत मात्र कमरेला पिस्तूल लावलेला घोडेस्वार मध्येच गिटार हाती घेतो, हे पाहून शहरी टीकाकारांना हसू येई. लहान गावांतल्या प्रेक्षकांना तसे हसू आले नाही. त्यांच्याच जोरावर जीन ऑट्री मोठा झाला.

ऑर्व्हन ग्रोव्हर ऑट्री याचा जन्म २९ सप्टेंबर १९०७ रोजी टेक्सासमधील टायोगा गावाजवळ झाला. आजोबा धर्मोपदेशक असल्याने गाण्याचे पहिले धडे प्रार्थनामंदिरात मिळाले. पुढे तो ओक्लाहोमात रेल्वेचा तारमास्तर झाला. रात्रपाळीत गाड्या थोड्या आणि वेळ पुष्कळ, तेव्हा सोबतीला गिटार. एका रात्री तार करायला आलेल्या विल रॉजर्स या नामांकित विनोदी नटाने त्याचे गाणे ऐकून त्याला रेडिओवर जाण्याचा सल्ला दिला, ही हकीकत तो जन्मभर सांगत असे. १९२९ साली त्याच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. त्याच वर्षी शेअरबाजार कोसळला.

मंदीची ती वर्षे भयंकर होती. १९३३ च्या सुमारास चार कामकऱ्यांमागे एक बेकार होता. पाठोपाठ ओक्लाहोमा परिसरात धुळीची वादळे उठली आणि हजारो शेतकरी गाव सोडून निघाले. शिकागोच्या रेडिओवरून ऑट्रीचा साधा, घरगुती आवाज अशा घरांत पोहोचत होता. १९३५ मध्ये रिपब्लिक कंपनीच्या 'टम्बलिंग टम्बलवीड्स' या चित्रपटात तो नायक झाला. तासाभराचे, अल्प खर्चाचे हे चित्रपट. कथा जुन्या पश्चिमेची म्हणावी, तर त्यात मोटारी आणि रेडिओसुद्धा असत. जमीन आणि पाणी बळकावणारे बडे लोक हे खलनायक. नायकाचे नाव मात्र बहुधा जीन ऑट्रीच! अभिनय त्याला फारसा येत नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही १९४० साली चित्रगृहचालकांच्या कौलात सगळ्या नटांत त्याचा क्रमांक चौथा लागला.

पडद्यावर दुबळ्यांची बाजू घेणाऱ्या या माणसाची खरी परीक्षा पडद्याबाहेर झाली. त्याचा चित्रपट हवा असेल तर कंपनीचे इतर सामान्य चित्रपटही घ्या, अशी सक्ती रिपब्लिक छोट्या चित्रगृहांवर करीत असे. १९३८ मध्ये त्याविरुद्ध आणि स्वतःच्या तुटपुंज्या मोबदल्यासाठी त्याने काम थांबवले. कंपनीने लगोलग लिओनार्ड स्लाय नावाचा तरुण गायक 'रॉय रॉजर्स' म्हणून उभा केला. काही महिन्यांनी ऑट्री वाढीव पैसे घेऊन परतला. चित्रगृहांवरील सक्ती सुटली नाही. नायक म्हणून त्याने इथे तडजोड केली असे मला वाटते. पण जागेवर दुसरा माणूस बसलेला असताना किती जण परतले नसते?

१९४२ मध्ये तो सैन्याच्या हवाई दलात दाखल झाला. इंधनाच्या विमानातून त्याने हिंदुस्थान आणि चीन यांच्यामधला हिमालयही ओलांडला. इकडे सैन्यात गेलेला काळ करारातून वगळून तेवढे काम आणखी करून द्यावे, असा रिपब्लिकचा आग्रह होता. ऑट्री न्यायालयात गेला, आणि १९४७ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. या वेळी तो तडजोडीवर थांबला नाही.

पुढे तो कोलंबिया कंपनीकडे गेला. १९५३ नंतर त्याने असे चित्रपट केले नाहीत. दूरदर्शन आले होते, आणि त्यावरही तो होताच. रेडिओ केंद्रे आणि बेसबॉलचा संघ यांचा मालक झालेला हा तारमास्तर २ ऑक्टोबर १९९८ रोजी वारला. ओक्लाहोमातील बर्विन या गावाने १९४१ सालीच आपले नाव बदलून 'जीन ऑट्री' असे ठेवले होते. ते अजून तेच आहे.