डॉ. व्हाइट यांचा वारसा आणि निजामपुरा

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाने उरलेले आयुष्य शक्यतो बसून काढावे, ही समजूत आपल्या समाजात आजही घट्ट रुजलेली आहे. ती दूर करण्यासाठी झटलेल्या वैद्यांमध्ये अमेरिकेचे डॉ. पॉल डडली व्हाइट यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे कार्य कोठे अडून राहिले, हे मात्र भिवंडीच्या निजामपुऱ्यासारख्या यंत्रमागांच्या वस्तीकडे पाहिल्यावर उमगते.

व्हाइट यांचा जन्म ६ जून १८८६ रोजी बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात एका डॉक्टरांच्या घरी झाला. १९११ मध्ये हार्वर्डची वैद्यकीय पदवी घेतल्यावर ते लंडनला थॉमस लुइस यांच्याकडे हृदयाचा विद्युत्-आलेख काढण्याची नवी विद्या शिकले. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या संस्थापकांत ते होते. १९३९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह, इजा झालेला हृदयाचा स्नायू भरून येण्यास कित्येक आठवडे लागतात, असे दाखविले. दैवदुर्विलास असा की, याच संशोधनाच्या आधारे रुग्णांना दीर्घकाळ अंथरुणाला खिळवून ठेवण्याच्या प्रथेला बळ मिळाले. पुढे व्हाइट स्वतःच क्रमाक्रमाने वाढविलेल्या हालचालीचे पुरस्कर्ते झाले.

२४ सप्टेंबर १९५५ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हर येथे झटका आला, तेव्हा व्हाइट यांना पाचारण करण्यात आले. आजाराची माहिती त्यांनी जनतेपुढे मोकळेपणाने मांडली. रुग्ण हळूहळू कामावर परतला, १९५६ ची निवडणूक जिंकला आणि १९६९ पर्यंत जगला. स्वतः व्हाइट उतारवयातही सायकल चालवीत. १९६४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने हृदयरुग्णांच्या पुनर्वसनावर अहवाल दिला. ३१ ऑक्टोबर १९७३ रोजी व्हाइट निवर्तले, तोवर त्यांचा विचार वैद्यकशास्त्रात मान्यता पावला होता.

परंतु राष्ट्राध्यक्षाच्या दिमतीला डॉक्टर होते, सवड होती आणि त्याच्या वेतनाला धक्का लागणार नव्हता. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या, विणलेल्या कापडावर मजुरी मिळणाऱ्या कामगाराला व्यायामासाठी आठवड्यातून दोन-तीनदा मोठ्या शहरातील रुग्णालय गाठायचे, तर प्रत्येक फेरीत भाडे जाते आणि मजुरीही बुडते. दिवसभर मागापाशी उभे राहणे हाच व्यायाम, असा गैरसमज त्यात भर घालतो. चालताना छातीत पुन्हा कळ येईल, ही भीती वेगळीच. स्त्रियांची अडचण तर दुहेरी असते: घरकाम सुटत नाही आणि सोबतीला कोणी मिळत नाही. शिवाय घरी सोडताना गोळ्यांची यादी हाती पडते. किती चालावे, कधी थांबावे, हे सांगण्यास मात्र कोणाला वेळ नसतो. अशा रुग्णाला बेफिकीर ठरविणे अन्यायाचे आहे.

यावर मार्ग आहेत. डॉक्टरांनी तपासून आखून दिलेला व्यायाम देखरेखीखाली घरीच केला, तरी त्याचा लाभ रुग्णालयातील व्यायामाच्या तोडीचा असतो, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. भारतात २४ रुग्णालयांतील सुमारे चार हजार रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली व २०२० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यू वा पुन्हा येणारे झटके यांत निर्णायक घट तीत सिद्ध झाली नाही. तथापि रुग्णांचे जीवनमान सुधारले आणि पूर्वीच्या कामाकडे परतणे त्यांना सुकर झाले. महापालिकेच्या दवाखान्यात पाळीच्या वेळा पाहून आठवड्यातून एक वर्ग भरविणे, आणि मराठी, हिंदी, उर्दू व तेलुगू भाषांत छापलेली सूचनापत्रिका रुग्णाच्या हाती देणे, हे अवाक्याबाहेरचे नाही. व्यायाम हा उपचाराचाच भाग मानावयाचा असेल, तर औषधाप्रमाणे तोही रुग्णाच्या दारापर्यंत पोहोचला पाहिजे.