क्लोद लोरें आणि ताणलेलं धनुष्य

क्लोद लोरें या निसर्गचित्रकाराचा जन्म साधारण १६०० साली, आज फ्रान्समध्ये असलेल्या लॉरेन प्रांतात झाला. लहानपणीच आई-वडील गेले. हा पोरका मुलगा रोमला आला आणि आगोस्तिनो तास्सी या चित्रकाराच्या हाताखाली राहून शिकला. पुढे एवढं नाव झालं, की लोक त्याच्या नकला करून विकू लागले! मग तो आपल्या चित्रांची रेखाटनं एका वहीत काढून ठेवायचा. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

माणसं काढताना त्याचा हात जरा कच्चाच, असं मला वाटतं. पण ऊन, झाडं, आकाश बघत राहावं असं.

१६८२ साली त्याने शेवटचं चित्र काढलं. गोष्ट व्हर्जिल या रोमन कवीच्या महाकाव्यातली. शिकारीला निघालेला अस्कानियस सिल्व्हियाच्या लाडक्या हरणाला बाण मारतो. ते पाळीव आहे हे त्याला कुठे ठाऊक! त्यावरून युद्ध पेटतं. क्लोदने मात्र युद्ध काढलं नाही. धनुष्य ताणलेलं, पाण्यापलीकडे हरीण उभं, वाऱ्याने झाडं हललेली. वर्गात हे चित्र दाखवाल तेव्हा गोष्ट आधी सांगू नका, मुलांना हरीण शोधू द्या.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्लोद रोममध्येच वारला. चित्रातला बाण अजून सुटलेला नाही.