पंडिता रमाबाई आणि मायबोलीतील शास्त्र

आपल्या नगराच्या दक्षिणेस तीसेक मैलांवर गोदातीरी पैठण क्षेत्र वसले आहे. तेथील नाथांचा वाडा व घाट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. सोळाव्या शतकात संत एकनाथांनी भागवताचा एकादश स्कंध मराठीत आणला, तेव्हा देववाणीतील ज्ञान प्राकृतात उतरविल्याबद्दल काशीच्या पंडितांचा रोष त्यांना सोसावा लागला, असे परंपरा सांगते. त्याच शतकात दूर जर्मनीत मार्टिन लूथर याने १५२२ साली नवा करार व १५३४ साली समग्र पवित्र शास्त्र आपल्या देशबांधवांच्या बोलीत प्रसिद्ध केले. घरातील माता, रस्त्यावर खेळणारी मुले व बाजारातील साधा मनुष्य यांच्या तोंडी जे शब्द असतात, त्या शब्दांत शास्त्र बोलले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. हाच ध्यास घेऊन आपल्या महाराष्ट्रात एका विदुषीने आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. त्या विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई होत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदेची पर्वा न करता आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले आणि त्या मातेने पहाटेच्या प्रहरी लहानग्या रमेकडून हजारो श्लोक मुखोद्गत करून घेतले. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने व उपासमारीने आईबाप आणि थोरली बहीण ही सारी गेली. भाऊ श्रीनिवास व रमाबाई ही दोघेच पायी प्रवास करीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वज्जनांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ज्या शास्त्रांचे अध्ययन स्त्रियांस वर्ज्य मानले जाई, त्यांतच एका तरुणीचा सन्मान व्हावा, हे नवलच होते.

परंतु दैवाने त्यांस स्वस्थता दिली नाही. १८८० साली भाऊ निवर्तला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातिबंधन मोडून विवाह केला, तोच १८८२ च्या प्रारंभी पटकीने पतीचा अंत झाला. कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला आणि स्त्रियांस वैद्यकीचे शिक्षण मिळावे असे हंटर आयोगापुढे आग्रहाने मांडले. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या व २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दीक्षा घेतली म्हणून बाईंनी आपली बुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरविले, ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, असे त्यांनी आपल्या हितचिंतकांस स्पष्ट कळविले. शास्त्रात जे स्वतः वाचून पटेल तेच त्या मानीत. १५२१ साली वर्म्स येथील सभेत लूथरनेही सद्सद्विवेकबुद्धी व शास्त्रवचन यांपलीकडील सत्ता मानण्यास नकार दिला होता. त्याचे स्मरण येथे सहजच होते.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, गावोगावी व्याख्याने देऊन साह्य मिळविले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. या काळात त्यांचे मन मात्र अशांत होते. धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांस वाटे. मनुष्याने आपल्या पुण्याईवर भिस्त न ठेवता रिक्त हस्ते देवाच्या कृपेस शरण जावे, कारण ती विश्वासानेच लाभते, हे तत्त्व त्यांस १८९१ च्या सुमारास उमगले. लूथरच्या शिकवणुकीचा गाभाही हाच आहे.

या नव्या श्रद्धेची किंमतही त्यांस द्यावी लागली. सदनात धर्मप्रसार होणार नाही, असे वचन होते. बाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे व मुली आपण होऊन तेथे येत. यावरून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ उठले, सल्लागारांनी संबंध तोडले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती निराधार होती असे म्हणता येणार नाही. मात्र आपली उपासना लपवून ठेवणे बाईंनाही शक्य नव्हते. त्यानंतर १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली त्यांनी आणल्या. ज्या भुकेने स्वतःचे आईबाप नेले, तीच भूक त्यांस या मुलींच्या डोळ्यांत दिसली असेल. पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे मुक्ती सदन वाढले आणि १९०० पर्यंत तेथील रहिवाशांची संख्या दीड हजारांच्या घरात गेली.

या मुलींना शास्त्र समजावे कसे? प्रचलित मराठी भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातील बाईस कळत नसत. शिवाय त्यांतील काही शब्दांना जुन्या तत्त्वज्ञानाचा रंग चढला आहे, असे बाईंचे मत होते. म्हणून प्रौढ वयात त्यांनी इब्री व ग्रीक भाषा अभ्यासिल्या आणि सुमारे सतरा-अठरा वर्षे खपून संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले. संस्कृतावर प्रभुत्व असलेल्या पंडितेने आपले पांडित्य बाजूस ठेवले, हे त्या श्रमाहून मोठे होय. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळविण्यापासूनची कामे सदनातील स्त्रियाच करीत.

१९२१ साली त्यांचा उजवा हात असलेली मनोरमा निवर्तली. तरीही त्या जरठ मातेने काम थांबविले नाही. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेविला. समग्र ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. मंडळ्यांतून त्याचा फारसा प्रसार झाला नाही, हे खरे. मग हे श्रम व्यर्थ गेले काय? ज्यांना कोणी अक्षर शिकविले नव्हते, अशा मुलींनी आपल्या हातांनी शास्त्र छापले व आपल्या डोळ्यांनी ते वाचले, हेच या प्रश्नाचे उत्तर आहे.

विद्यार्थिमित्रहो, विद्या मिळाली की मनुष्य चारचौघांपासून दूर जाऊ लागतो. आपण जे शिकलो ते घरी आजीस, शेजाऱ्यास वा गड्यास त्याच्या शब्दांत सांगता येते काय, हे प्रत्येकाने स्वतःस विचारून पाहावे. ते साधले, तर रमाबाईंचे स्मरण आपण खऱ्या अर्थाने केले असे होईल.