तोफांचे नांगर करणारे कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

शेतकऱ्याच्या हाती देशी लोखंडी नांगर देणारे कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते १८८५ साली मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद त्यांच्या दृष्टीस उमगत नसे. तेव्हा त्यांनी यंत्रांचे आरेखन शिकून घेतले व पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली जाताच या मानी पुरुषाने राजीनामा दिला.

बेळगावी बंधू रामूअण्णा यांच्यासमवेत त्यांनी सायकली विकण्याचा व दुरुस्त करण्याचा धंदा केला. त्यातूनच कडबा कापण्याचे यंत्र व नंतर लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने सुमारे दोन वर्षे नांगरास गिऱ्हाईक मिळेना. फाळ लवकर झिजतो अशी तक्रार येताच लक्ष्मणरावांनी तो अधिक कठीण केला. शेतकऱ्याचा दोष न काढता आपल्या वस्तूचा दोष काढावयाचा, हा त्यांचा बाणा होता.

१९१० साली बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलनजीक ३२ एकर माळरान व १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. त्या निवडुंगाच्या रानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथे अस्पृश्यतेस थारा नव्हता. तुरुंगातून सुटून आलेल्यांस पहारेकरी नेमून लक्ष्मणरावांनी त्यांच्यावर विश्वास टाकला, आणि तो सार्थ ठरला.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. परदेशी लोखंड दुर्मीळ झाले व भट्टी थंडावण्याची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी संस्थानातील निरुपयोगी तोफा त्यांस दिल्या. त्या फोडून, वितळवून त्यांचे नांगर ओतण्यात आले. खनिजापासून नवे लोखंड काढण्यापेक्षा जुने वितळविण्यास इंधन पुष्कळच कमी लागते; शिवाय डोंगर खणावा लागत नाही. आज जगभरचे अभियंते बांधकाम, कारखाने व वाहने यांसाठी ज्या काटकसरीचे संशोधन करीत आहेत, तिचा पाठ लक्ष्मणरावांनी अडचणीच्या काळात आचरून दाखविला होता.

वसईकरांस हे सहज पटावे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर येथील चर्चच्या घंटा भीमाशंकर, नाशिक आदी ठिकाणच्या देवळांत गेल्या व तेथे पुन्हा कामी आल्या. आज मात्र आपल्या गावी जुने घर पाडले की त्याचे सागवान, कौले व विटा यांची कित्येकदा माती होते. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील कारखान्यांत आपले अनेक तरुण काम करतात. टाकाऊ म्हणून बाजूस सारलेल्या जिनसेकडे त्यांनी लक्ष्मणरावांच्या नजरेने पाहावे.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, लक्ष्मणराव निवर्तले. ते कोणत्या ज्ञातीचे होते हे आपण विचारू नये. त्यांनी कामावर घेताना तो प्रश्न मोठा मानला नाही. हातांनी काम करण्यात कमीपणा नाही आणि हाती आहे ते वाया घालविण्यात मोठेपणा नाही, एवढे जरी आपल्या मुलांनी त्यांच्या चरित्रातून घेतले, तरी ज्ञातीचे कल्याण होईल.