अंधांच्या लिपीचा जनक लुई ब्रेल

डोळ्यास एका दृष्टिक्षेपांत शब्दच्या शब्द दिसतात. बोटास मात्र टोकाखालीं जेवढें येईल तेवढेंच कळतें. हा भेद ज्यानें नीट जाणला, त्या लुई ब्रेल याचें चरित्र आज आम्ही थोडक्यांत सांगतों.

लुई याचा जन्म फ्रान्स देशांत, पॅरिस शहराच्या पूर्वेस कुव्रे ह्या खेड्यांत ता. ४ जानेवारी १८०९ रोजीं झाला. त्याचा बाप खोगीरें करीत असे. तीन वर्षांचा असतां बापाच्या कारखान्यांत खेळतांना एक धारदार हत्यार त्याच्या डोळ्यांत गेलें. जखम चिघळून दुसराही डोळा अधू झाला, व पांचव्या वर्षीं तो पूर्ण आंधळा झाला. तथापि आईबापांनीं त्यास घरीं बसवून न ठेवितां गांवच्या शाळेंत घातलें.

१८१९ सालीं तो पॅरिस येथील अंधशाळेंत गेला. तेथें कागदावर उठविलेलीं मोठीं अक्षरें मुलें चांचपून वाचीत. तीं अक्षरें डोळसांसाठीं घडलेलीं. त्यांच्या वळणांवरून बोट फिरवीत एकेक अक्षर ओळखण्यास फार वेळ लागे. पुढें बार्बिए नामक गृहस्थाची ठिपक्यांची लिपि शाळेंत आली. ठिपका बोटास रेषेपेक्षां लवकर कळतो, हें लुईच्या ध्यानीं आलें. परंतु तींत एका खुणेस बारापर्यंत ठिपके लागत, व तेवढी खूण बोटाखालीं मावत नसे. लुईनें ते सहांवर आणिले. त्यांच्या निरनिराळ्या मांडणीनें ६३ खुणा होतात, आणि प्रत्येक खूण एका स्पर्शांत कळते. १८२४ सालीं, पंधराव्या वर्षीं, त्यानें ही लिपि बहुतेक सिद्ध केली. १८२९ सालीं ती छापून निघाली.

पुढें तो त्याच शाळेंत शिक्षक झाला. पॅरिसमधील उपासनामंदिरांत ऑर्गनही वाजवी. परंतु जीं अक्षरें आपणांस वाचतां येत नाहींत तीं डोळस चालकांस रुचेनात. विद्यार्थी मात्र ती लिपि सोडीनात. ता. ६ जानेवारी १८५२ रोजीं लुई क्षयानें वारला, आणि १८५४ सालीं शाळेनें तिचा रीतसर स्वीकार केला. आपल्या देशांत १९५१ सालीं भारती ब्रेल ठरली; मराठीही तींत वाचतां येते.

ह्यास्तव ज्या गांवीं अंध मूल असेल तेथील आईबापांस व शिक्षकांस आमची विनंति कीं, त्यास विद्या येणार नाहीं असें समजूं नये. त्याच्या बोटांस कळेल असें पुस्तक त्याच्या हातीं द्यावें.