तर्काला गणित शिकविणारा जॉर्ज बूल

गणिताचा ससेमिरा चुकावा म्हणून मी कला शाखा घेतली, आणि तर्कशास्त्राच्या पुस्तकात पुन्हा गणितच समोर आले! ते तेथे आणणारा कोण, हे शोधताना मला जॉर्ज बूल भेटला.

२ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन येथे त्याचा जन्म झाला. वडील जोडे शिवीत. पण त्यांचे मन भिंगे आणि दुर्बिणी यांत रमे, म्हणून धंदा बसला. सोळाव्या वर्षी जॉर्जने मास्तरकी धरून घरचा भार उचलला. एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतःची शाळा काढली. आज माझे वय तेवढेच आहे. विद्यार्थी म्हणून तो कॉलेजची पायरी कधीच चढला नाही. उच्च गणित तो आपले आपणच शिकला.

१८४७ मध्ये त्याने तर्काचे गणित मांडणारे छोटे पुस्तक आणि १८५४ मध्ये विचारांच्या नियमांवरील मोठा ग्रंथ लिहिला. त्याची युक्ती सोपी आहे. 'जालन्याचे रहिवासी' म्हणजे क्ष आणि 'शेतकरी' म्हणजे य मानू. क्ष गुणिले य म्हणजे जालन्याचे शेतकरी. आता शेतकऱ्यांतून पुन्हा शेतकरीच निवडले, तर तेवढेच उरतात. म्हणजे य गुणिले य बरोबर य. अंकांत हा नियम फक्त ० आणि १ पाळतात.

आज याच दोन अंकांनी खरेखोटे उभ्या ओळीत मांडतात : खरे म्हणजे वर १, खाली ०, खोटे म्हणजे वर ०, खाली १. नकार म्हणजे वरचे खाली करणारा मॅट्रिक्स. तो दोनदा लावला की मूळ विधान परत! मॅट्रिक्सचे बीजगणित १८५८ मध्ये मांडणाऱ्या केलीलाही बूलच्या १८४१ च्या एका लेखाने पूर्वी प्रेरणा दिली होती.

१८४९ मध्ये हा पदवी नसलेला माणूस आयर्लंडमधील कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात प्राध्यापक झाला. १८५५ मध्ये त्याने मेरी एव्हरेस्टशी लग्न केले. ज्यांचे नाव शिखराला दिले, त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची ती पुतणी. १८६४ मध्ये पावसात चालत जाऊन त्याने ओल्या कपड्यांनीच तास घेतला, आजारी पडला आणि ८ डिसेंबरला वारला. वय अवघे ४९.

१९३७ मध्ये शॅनन या अमेरिकन विद्यार्थ्याने बूलचे गणित विजेच्या मंडलांना लावले. आजचे संगणक त्यावरच चालतात.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. गणित आपल्यासारख्यांचे नव्हे, असे मी धरून चाललो होतो. ते विधान आता मी खोडले आहे.