सर दिनशॉ माणेकजी पेटिट : मुक्या प्राण्यांच्या डॉक्टरांना शिकायला जागा देणारा गिरणीमालक



मुंबईत परळला गेलात आणि 'बैलघोडा हॉस्पिटल' कुठंय असं विचारलंत, तर कोणीही रस्ता दाखवेल. या दवाखान्याचं खरं नाव आहे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल फॉर ॲनिमल्स. तो उभा राहिला ज्यांच्या दानातून, त्या सर दिनशॉ पेटिट यांची आज ओळख करून घेऊ.

जन्म व बालपण

दिनशॉ यांचा जन्म ३० जून १८२३ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे पूर्वज सुरतेहून आलेले. त्यातले एक जण फ्रेंच व्यापाऱ्यांचे काम बघत. ते अंगाने बुटके, म्हणून फ्रेंच लोक त्यांना 'पेटिट' म्हणजे छोटा म्हणू लागले आणि तेच आडनाव झालं, असे सांगतात.

दिनशॉ आठ-नऊ वर्षांचे असताना, १८३२ मध्ये, मुंबईत मोठी दंगल झाली. सरकारने भटकी कुत्री मारायला सुरुवात केली होती. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे, त्यामुळे लोक चिडून रस्त्यावर उतरले. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने शहरात पांजरपोळ सुरू झाला.

उद्योग

वयाच्या सतराव्या वर्षी दिनशॉ महिना १५ रुपये पगारावर कारकून म्हणून लागले. पुढे दलालीत त्यांनी जम बसवला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव भडकले आणि १८६५ मध्ये कोसळले. भलेभले व्यापारी बुडाले, पण दिनशॉ सावध राहिले. वडिलांबरोबर त्यांनी कापड गिरण्या उभारल्या. मुंबईच्या गिरणी उद्योगाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते.

दवाखाना आधी, कॉलेज नंतर

तेव्हाची मुंबई चालायची ती बैलांवर आणि घोड्यांवर. १८७४ मध्ये सुरू झालेली ट्रामसुद्धा घोडेच ओढत. जनावर जखमी झालं, आजारी पडलं तर करायचं काय? पांजरपोळात निवारा आणि चारा मिळे. पण मोडलेला पाय नुसत्या दयेने जुळत नाही! त्याला हवा जाणकार हात.

दिनशॉ यांनी परळच्या दवाखान्यासाठी मोठे दान दिले. दवाखान्याला नाव दिले गेले ते त्यांच्या पत्नीचे. आणि १८८६ मध्ये याच आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

हा क्रम लक्षात घ्या बरं का. रोगी समोर असल्याशिवाय डॉक्टर तयार होत नाही. पुस्तकात ताप म्हणजे काय ते कळतं; पण घाबरलेल्या कुत्र्याचं तोंड पट्टीने कसं बांधायचं, मांडीच्या आतल्या बाजूला नाडी कशी शोधायची, हिरड्यांचा रंग फिका आहे की लाल हे कसं ओळखायचं, हे हातानेच शिकावं लागतं. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. आपल्याला तो ताप वाटेल! आणि कुठं दुखतंय हे प्राणी सांगत नाही. मालकाला विचारायचं, प्राण्याला बघायचं, मग दोन्हींचा मेळ घालायचा.

आज

दिनशॉ यांना १८९० मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला. ५ मे १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. आज रस्त्यावर बैल-घोडे फारसे दिसत नाहीत, म्हणून बैलघोड्यात आता कुत्री-मांजरेच जास्त येतात. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची असते. त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, म्हणजे प्रत्यक्ष काम करत शिकण्याचं.

आपण काय शिकावे?

दया मनात असावीच, पण तिला ज्ञानाची आणि सरावाची जोड हवी. दिनशॉ स्वतः पशुवैद्य नव्हते. तरीही त्यांच्या दानामुळे शिकणाऱ्यांना जागा मिळाली आणि मुक्या जिवांना डॉक्टर!

स्वाध्याय : तुमच्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कोणकोणते प्राणी येतात, ते विचारून पाच ओळी लिहा.